शहाण्णव किलोचा नवस

मी आधीच सांगून ठेवते, मी भांडकुदळ नाही. आमच्या रेल्वे कॉलनीत कोणालेही विचारा. विचारल्यावर ते हसतील, पण ते हसणं वेगळं. माझा आवाज मोठा आहे एवढंच, अन् तोही यांच्यामुळं. आमचे हे, शरच्चंद्र, रेल्वेत ड्रायव्हर. आता लोको पायलट म्हणतात, पण मले ड्रायव्हरच बरं वाटते. जन्म इंजनात गेला, त्यामुळं घरी आले का यांले हळू बोललेलं ऐकूच येत नाही. रेल्वेच्या तपासणीत कान एकदम ठणठणीत, अन् मी म्हटलं, अहो, गिरणीतून दळण आणा, का माणूस ठार बहिरा! तेहतीस वर्षं अशी ओरडत संसार केला मी. आवाज मोठा नाही होणार तं काय बासरी होईल?

दुसरी गोष्ट म्हणजे मी कधी चुकत नाही. म्हणजे चुकली नव्हती. या साली चुकली, अन् अशी चुकली का बाप्पा, देवीच्या दारात तराजू टांगून निस्तरावं लागलं.

मागच्या जानेवारीत यांची मेडिकल होती. सहा वर्षांपासून शुगर होतीच, गोळ्या चालू होत्या, पण हे गोळ्या खाऊन वर दोन घास जास्त जेवत, का बावा औषध घेतलं ना आता. वजन झालं अठ्ठ्याण्णव. पोट असं का शर्टाचं खालचं बटन लावणं सोडूनच दिलं होतं. तपासणीत शुगर इतकी निघाली का डॉक्टरनं कागद दोनदा पाह्यला. इन्सुलिन सुरू झालं अन् कागदावर शिक्का बसला, अनफिट. शुगर काबूत येऊन इन्सुलिन सुटत नाही तोवर इंजनवर चढायचं नाही.

आता तुम्ही म्हणाल, साठीचा माणूस, डिसेंबरच्या एकतीसले रिटायर होणार, बसू द्या ना खुर्चीवर. पण ड्रायव्हरची रिटायरमेंट कशी होते, ते तुम्ही पाह्यलं नाही. शेवटच्या दिवशी तो स्वतः गाडी घेऊन येते. इंजनले झेंडूच्या माळा, पुढं केळीचे खांब, फलाटावर ढोल, बायका-पोरं, साथीदार, सारे उभे. तो शेवटचा लांब भोंगा वाजवते अन् खाली उतरते. माझे सासरे, यशवंतराव, गोंदियाहून रायपूरले आले ते रेल्वेसाठीच, अन् असेच रिटायर झाले. तेव्हा हे चोवीस वर्षांचे होते, फलाटावर उभे होते. तेव्हापासून यांच्या डोक्यात एकच, एक दिवस आपणही असंच उतरायचं. खुर्चीवरून उतरणाऱ्याले कोण ढोल वाजवते?

तं यांले लॉबीत बसवलं. लॉबी म्हणजे जिथं ड्रायव्हर ड्यूटीवर जायच्या आधी सही करतात. तिथं यांचं काम काय, तं येणाऱ्या प्रत्येकाले मशीनमध्ये फुंकायले लावायचं, दारू प्यायला का नाही ते पाहाले. छत्तीस वर्षं गाडी चालवलेला माणूस दिवसभर दुसऱ्याच्या तोंडाचा वास घेत बसला. संध्याकाळी घरी आले का बोलत नसत. बशीतला चहा थंडा होऊन जाये. मी ओरडली तरी वर पाहत नसत, अन् तेव्हा मले पहिल्यांदा भीती वाटली.

मीच यांले ओढत डॉक्टर क्षमाकडे नेलं. ही ब्राह्मणपाऱ्यातल्या, इथं मोहल्ल्याले पारा म्हणतात, जुन्या मराठी घरची पोरगी, चार पिढ्या इथं राहून मराठी अगदी पुस्तकातली बोलते. तिनं यांच्या पोटाकडे पाह्यलं अन् चक्क हसली.

"काका, पोट मोठं आहे म्हणूनच आशा आहे," म्हणे. "पंधरा-वीस किलो उतरवलेत तर इन्सुलिन सुटू शकतं. सगळ्यांचं सुटतंच असं नाही, पण तुमचं दुखणं अजून फार जुनं झालेलं नाही. मात्र डोस मी कमी करेन. तुम्ही मनानं काही करायचं नाही."

"ऐक इंदू," हे मले म्हणाले, "माझ्या पोटाले आज पहिल्यांदा कोणी चांगलं म्हटलं!"

जानेवारीनंतर हे पहिल्यांदा हसले. मी तिथंच ठरवलं, आता मी आहे अन् हे पोट आहे.

क्षमानं सारं लिहून दिलं. भात मूठभर. इथं छत्तीसगडात, जिथं लोक सकाळी बासी भात, दुपारी भात, रात्री भात खातात, तिथं मूठभर! पोळी एक. भाजी भरपूर, काकडी, अंडी, रोज तासभर चालणं. साखर, गोड, तळलेलं बंद. अन् डाळ मात्र पोटभर खा म्हणे, भूक लागली का डाळ प्या. एक वही दिली, त्यात रोज खाल्लेलं अन् सकाळची शुगर लिहायची.

अन् मी लागली कामाले. साखरेचा डबा सुनेच्या खोलीत कपाटावर, कुलपात. बिस्किटं बंद. भाताचं पातेलं एवढुसं. सून ज्ञानदा समजदार आहे. पोरगा अनिमेष तेवढा कुरकुरला. याले मराठी समजते सारं, पण उत्तर हिंदीतच देईल. "मम्मी, शुगर पापा को है, भूखे हम क्यों मरें?" मी म्हटलं, तू काहून मरशील, तुह्या बापाचं इंजन मरून राहिलं तिकडं.

हे सकाळी पाच वाजता बूढ़ा तालाबले चालाले जात. दुपारी मूठभर भात अन् आमटी. आमटी माझ्या हातची यांले आधीपासून आवडते, आता तं डाळ पोटभर खा असा हुकूमच होता. तीन वाट्या दुपारी, तीन वाट्या रात्री. मी शेवटी त्यांच्यासाठी पितळीच काढली. वाट्यांनी माणूस किती वेळा वाढेल?

एक महिना झाला, दोन झाले, तीन झाले. वजन अठ्ठ्याण्णवचं शहाण्णव. शुगर? जिथल्या तिथं. कधी एकशेनव्वद, कधी दोनशे. क्षमानं वही वाचली, परत वाचली. "काका, खरं सांगा. गोड?"

"शपथेवर नाही," हे म्हणाले.

क्षमानं माझ्याकडे पाह्यलं. मी यांच्याकडे पाह्यलं. अन् मले सारं समजलं. माणूस बाहेर खाते!

घरी आल्यावर मी जे तोंड सोडलं, ते विचारू नका. शर्टाचे खिसे तपासले. स्कूटीची डिक्की तपासली, त्यात फडकं अन् पाना निघाला. लॉबीतून आले का मी बोटं हुंगत होती. हे बोटं पुढं करत अन् हुंगू देत. दिवसभर हे दुसऱ्यांचं तोंड हुंगत, संध्याकाळी मी यांची बोटं.

मग एप्रिलमध्ये शेजारची मले म्हणाली, का दीदी, भैया को रोज जलेबी की दुकान पे देखती हूँ. झालं! दुसऱ्या दिवशी मी ई-रिक्शात बसली, पदर डोक्यावरून घेतला, अन् यांच्या स्कूटीमागं लागली. रिक्शावाला विचारते, "क्या बात है दीदी, कोई चक्कर है क्या?" मी म्हटलं, चक्करच आहे, गोल गोल, पाकातला. तू चलव.

अन् खरंच! बाजाराच्या तोंडाशी दुकान, मोठी कढई, अन् समोर आमचे हे उभे. मी रिक्शातून उडीच टाकली.

"तोंड उघडा!"

हे दचकले. दुकानावरची दहा-बारा माणसं वळून पाहू लागली.

"इंदू, अगं..."

"तोंड उघडा म्हणते ना! आ करा!"

अन् यांनी भर बाजारात, बाराच्या उन्हात, आ केला. मी आत पाह्यलं, वर पाह्यलं, जिभेखाली पाह्यलं. काहीच नव्हतं. जलेबीवाला झारा हातात धरून म्हणते, "दीदी, भैया तो कभी खाते ही नहीं. रोज आते हैं, पाँच मिनट देखते हैं, और चले जाते हैं. हम तो पूछना ही छोड़ दिए."

मी यांच्याकडे पाह्यलं. हे मान खाली घालून उभे. "नुसतं पाहाले कोणी मनाई केली नव्हती," म्हणाले.

तरी मी ऐकलं का? नाही ऐकलं. म्हटलं, आधीच गिळलं असन. असा माझा स्वभाव. रागानं रिक्शात बसून घरी आली अन् दोन दिवस बोलली नाही. कॉलनीले वाटलं मी आजारी आहे.

त्याच आठवड्यात नागपूरले माझ्या बहिणीच्या पोरीचं लग्न निघालं. मी दहा दिवस गेली. जाता जाता ज्ञानदाले सांगतलं, वहीप्रमाणे वाढ, बाहेर कुठं जातात त्यावर लक्ष ठेव. पोरगी हव म्हणाली.

दहा दिवसांनी आली, वही उघडली, अन् डोळे फिरले. एकशेसाठ. एकशेचाळीस. एकशेतीस. एकशेपंचवीस! मी नाही तं शुगर धडाधडा खाली!

"तू गेली अन् शांती झाली घरात," हे म्हणाले. "मले वाटते ही शुगर साखरेनं नाही, तुह्या आवाजानं वाढते." अनिमेष एवढा हसला का सोफ्यावरून खाली आला. अनुश्री, माझी नात, सात वर्षांची, ती म्हणते, "आजी, तुम फिर से नागपूर चली जाओ ना, आबा ठीक हो जाएँगे."

मले बाई रडूच आलं, पण दाखवते कोण! म्हटलं, जाते, आधी आमटी तं करून घालू द्या. अन् पदर खोचून ओट्यासमोर उभी राहिली. डाळ घोटली, फोडणी दिली, गोडा मसाला टाकला, चिंच टाकली. अन् ओट्याखालचा डबा उघडून, उजव्या हातानं, लिंबाएवढा गुळाचा खडा उचलला अन्...

अन् हात तिथंच थांबला.

मी त्या खड्याकडे पाह्यलं. खडा माझ्याकडे पाहून राहिला. माय वो! मी हा आमटीत टाकते. भाजीतही टाकते. कढीत टाकते. चटणीत चिमूटभर टाकते. आईनं शिकवलं तेव्हापासून टाकते. त्याले कोणी गोड म्हणते काय? गोड म्हणजे जलेबी, शिरा, बर्फी. गूळ तं आमटीत असतोच, जसं मीठ असते. साखर कुलपात ठेवली अन् गूळ ओट्याखाली, जिथल्या तिथं. वहीत लिहिलं "डाळ, तीन वाट्या." खडा कोण लिहिते? अन् हा माणूस दिवसाच्या सहा वाट्या आमटी पिऊन राहिला होता, पितळी भरभरून, माझ्या हातची, डॉक्टरच्या हुकुमानं!

ज्ञानदा करते साधं वरण, हिंग अन् लसूण. म्हणून शुगर उतरली. अन् मी भर बाजारात यांचं तोंड उघडून पाह्यलं होतं.

कोणाले हाक मारावी, काय सांगावं, काही सुचेना. तेहतीस वर्षांत "चुकली" हा शब्द माझ्या तोंडून निघाला नव्हता, अन् आता तो घशात हाडासारखा अडकला. मी गुळाचा डबा उचलला, पिशवीत घातला, अन् चपला न घालताच निघाली. आमच्या पाऱ्यातली शीतला माता, पाच मिनिटांवर. डबा तिच्यापुढं रिकामा केला अन् म्हटलं, "माते, हे तुझं. माझ्या घरात आता खडाही नाही राहणार. जेवढा गूळ मी यांच्या अंगात घातला तो उतरू दे. हे परत इंजनवर चढले का यांच्या वजनाइतका गूळ तुले वाहीन. पण हे कोणाले सांगू नको."

त्या दिवशी सकाळीच काट्यावर पाह्यलं होतं. शहाण्णव किलो.

घरी येऊन बिनगुळाची आमटी वाढली. माझा जीव असा का टांगलेला. यांनी पितळी तोंडाले लावली, एक घोट घेतला, थांबले. माझ्याकडे पाह्यलं. मग सारी पितळी संपवली अन् म्हणाले, "चांगली झाली." बस.

त्यानंतर काय सांगू! वजन असं उतरलं जशी उतारावरची मालगाडी. मे महिन्यात ब्याण्णव. जूनमध्ये एकोणनव्वद. क्षमा डोस कमी करत गेली, कमी करत गेली, अन् पोळ्याच्या आधी इन्सुलिन बंद झालं. गणपतीत यांनी अनिमेषच्या लग्नातला सूट काढला अन् घालून खोलीभर नाचले. पँट ढिली म्हणून एका हातानं धरून नाचले! अनुश्री टाळ्या वाजवून राहिली, ज्ञानदा व्हिडिओ काढून राहिली, अन् मी ओरडून राहिली का अहो, पडदा लावा!

ऑक्टोबरमध्ये तीन महिन्यांची सरासरी शुगर आली सहा टक्क्यांच्या खाली, तीही एक गोळी न घेता. क्षमा खुर्चीवरून उठून उभीच राहिली. म्हणाली, "काका, हे बरं झालं असं समजून सुटायचं नाही हं. वजन वाढलं की ही परत येणार. पण आज मला नाचावंसं वाटतंय." हे म्हणाले, "नाच ना, मी शिकवतो."

नोव्हेंबरच्या शेवटी मेडिकल झाली. फिट! हे घरी आले ते पायऱ्या धावत चढले, तीन मजले, अन् दारात उभं राहून तोंडानंच भोंगा वाजवला. कॉलनीतल्या साऱ्या बायका बाहेर आल्या.

आता माझा नवस. हे इंजनवर चढले होते, गोंदियाची लोकल चालवून राहिले होते, म्हणजे देवीनं तिचं काम केलं. पण इथं माझं डोकं फिरलं. यांचं वजन आता पंचाहत्तर. नवस बोलली तेव्हा शहाण्णव. मी तं वजनाइतका म्हटलं, पण कोणत्या वजनाइतका? पुजारी म्हणाले, "माताजी, जिस दिन चढ़ाना है, उस दिन का वजन." अनिमेषही तेच म्हणे, "मम्मी, पचहत्तर दे दो, भगवान हिसाब नहीं करता." मी म्हटलं, भगवान नाही करत, मी करते. एकवीस किलो गूळ मी देवीचा मारू काय? ते एकवीस किलो तं खास करून द्यायचे होते. तेच तं माझ्या हातानं गेले होते. पण हे मी मनात म्हटलं, तोंडानं नाही.

गुढियारीत लोकेश भैयाची गुळाची आढत आहे. त्याले म्हटलं, शहाण्णव किलो पाहिजे, अन् तुझा तो मोठा टांगायचा तराजू पाहिजे. तो म्हणाला, "हव काकी, पर काका तो अब आधे रह गए हैं." मी म्हटलं, तू गूळ मोज, काका मोजू नको. क्षमानं एकच अट घातली होती, का एवढा गूळ पाऱ्यात वाटायचा नाही, नाही तं दोन महिन्यांनी सारा पारा तिच्या दवाखान्यात येईल. म्हणून ठरलं, देवीले दाखवून सारा गूळ गोशाळेत.

डिसेंबरचा शेवटचा रविवार. शीतला मातेच्या अंगणात कडुनिंबाच्या फांदीले तराजू टांगला. अख्खी कॉलनी जमा. हे सूट घालून आले, नवी शिवलेली पँट, अन् नवरदेवासारखे पारड्यात मांडी घालून बसले. लोकेश भैया समोरच्या पारड्यात गुळाच्या भेल्या ठेवू लागला. पन्नास, साठ, सत्तर. पंचाहत्तरले दोन्ही पारडी बरोबर झाली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, हे हात जोडून उतरू लागले.

"उतरायचं नाही!" मी म्हटलं. "ठेव भैया, अजून ठेव!"

पुढची भेली ठेवली अन् धाडकन गुळाचं पारडं जमिनीवर, अन् आमचे हे हवेत! साखळी धरून लटकले, सुटाची टाय तोंडावर, पाय हवेत झाडून राहिले. "अरे! अरे रोको! इंदू, काय चाललं हे!" पोट्टे हसून लोळू लागले. लोकेश भैया एकेक भेली ठेवतच होता, अन् पुजारी घंटा वाजवणं विसरून तोंडावर उपरणं धरून हसत होते.

"काहून?" हे वरून ओरडले. "पंचाहत्तर झालं ना! काहून ठेवून राहिली?"

अन् माझ्या तोंडून निघून गेलं. इतके महिने दाबलेलं, अन् आवाज तं तुम्हाले माहीतच आहे.

"कारण मीच टाकत होती गूळ! आमटीत! तीन महिने! तुम्ही बाहेर नाही खाल्लं, मीच घरात खाऊ घातला! हे एकवीस किलो माझे आहेत!"

नुसती साखळी करकर वाजत होती. मी मान खाली घातली. वाटलं, आता हे उतरतील अन् निघून जातील.

वरून आवाज आला, "मले माहीत आहे."

मी वर पाह्यलं. हे लटकल्या लटकल्या हसून राहिले होते.

"तू नागपूरहून आली अन् आमटीतला गूळ गेला. अगं, तेहतीस वर्षं खाऊन राहिलो ती आमटी, मले चव समजणार नाही काय? त्याच घोटात समजलं, बाई सापडली!"

"मग बोलले काहून नाही?"

"तू आयुष्यात पहिल्यांदा चूप बसली होती, इंदू. आठ महिने! मी काहून बोलू? मले इतकी मजा आधी कधी आली नव्हती!"

असा हशा उसळला का कडुनिंबावरचे कावळे उडाले. मले रडू येते का हसू, तेच समजेना. तेवढ्यात अनुश्री धावत आली. "आबा, मुझे भी झूला!" अन् कोणी काही म्हणायच्या आत लोकेश भैयानं तिले उचलून यांच्या मांडीवर बसवलं. पारडं हललं. खाली आलं, अजून खाली आलं, जरा अडलं. पुजाऱ्यांनी तिच्या हातात नारळ दिला. अन् दोन्ही पारडी समोरासमोर.

ज्ञानदा म्हणाली, "आई, शाळेत परवाच वजन केलं होतं तिचं. वीस किलो अन् वर थोडं."

म्हणजे पाहा, एवढी अख्खी पोरगी हे पोटावर घेऊन फिरत होते. आता ती मांडीवर बसली होती.

एकतीस डिसेंबर. दुपारी आम्ही सारे फलाटावर. ढोल, हार, साथीदार, क्षमाही दवाखाना बंद करून आलेली. लांबून ती गोंदियाची लोकल दिसली. इंजनले झेंडूच्या माळा, केळीचे खांब, अन् खिडकीत आमचे हे. बापानं वाजवला होता तसाच लांब भोंगा वाजवला. मी कानावर हात नाही ठेवले.

हे उतरले. लोकांनी हार घातले, उचललं. उचलताना कोणाले त्रास नाही झाला, हे मी मुद्दाम पाह्यलं. कोणीतरी पेढ्याचा डबा पुढं केला. यांनी नमस्कार करून तो बाजूले सारला अन् गर्दीतून सरळ माझ्यासमोर येऊन उभे राहिले. अन् आ केला. भर फलाटावर, साऱ्यांसमोर, एवढा मोठा आ.

"घे," म्हणाले, "तपासून घे."

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. त्या दिवशी अंगणात मी सारं सांगतलं होतं, पण एक शब्द अजून घशातच होता. मी जवळ गेली अन् आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलली. "चुकली मी."

"काय?" यांनी कानामागं हात लावला. "ऐकू नाही आलं."

"चुकली म्हटलं मी."

"ढोल वाजून राहिला ना. जोरात बोल!"

"चुकली मी!" मी अशी ओरडली का ढोलवाला थांबला, अन् पलीकडच्या फलाटावरचे लोक वळून पाहू लागले. "चुकली! चुकली! झालं समाधान?"

हे खो खो हसले, अन् आपल्या गळ्यातला हार काढून माझ्या गळ्यात घातला. म्हणाले, "पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं."

मी काय करणार? हार सावरला, अन् सगळ्यांले घरी जेवायले बोलावलं. आमटी केली होती, बिनगुळाची.